लाल रेघ

प्रिय दादा,

पहिल्याच शब्दाला अडखळले बघ. 'प्रिय' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तुला मी कधी प्रिय म्हटलंय? आपलं सगळं 'ए दादा, बादली सरकव' आणि 'भिंगरे, पाय काढ त्या रंगातून' एवढ्यावरच चालायचं. तीन वर्षांतलं हे माझं पहिलंच पत्र. आईला फोन करते तेव्हा ती सांगते की तू शाळेच्या कचेरीत कागदांवर शिक्के मारतोस, डाव्या हाताने, आणि एकही शिक्का तिरका पडत नाही. मग विचारते, 'देऊ का त्याला?' आणि मी म्हणते, नको, गाडी सुटतेय. माझी कायम कुठली ना कुठली गाडी सुटतच असते.

सध्या एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर आहे. त्याआधी खूप काय काय केलं. बोटींवर नंबर रंगवले. एका कारखान्यात लाकडी पेट्यांवर 'ही बाजू वर' असा बाण काढायचं काम आठ महिने केलं. बाण झकास जमायचे. चित्र काढायची वेळ आली की मात्र हात जागच्या जागी थांबायचा, जणू कुणी मनगट धरलंय. कंपनीची मालकीण आहे ना, तिला सगळे बाई म्हणतात. साठीची आहे, अजून राणीची कामं करते आणि राणीच्याच आवाजात चहा मागते. तिने माझ्या पिशवीतले तुझे ब्रश पाहिले. म्हणाली, 'केस झिजून अर्धे झालेत. म्हणजे काम येतं तुला.' ते कुणाच्या हातून झिजलेत हे मी सांगितलं नाही. अशी लागले मी कामाला, तुझ्या झिजलेल्या ब्रशांच्या ओळखीवर.

काल खिडकीखालून एक हातगाडी गेली. रिकामीच होती. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहिले आणि रंगासाठी शेगडीवर ठेवलेला सरस खाली लागला. आम्ही काम करतो त्या अख्ख्या गोदामभर वास. हातगाडीचं आणि माझं काय आहे ते पुढे सांगते, आत्ताच सांगितलं तर पत्र इथेच संपेल.

तर पडदा. नव्या नाटकात एका गल्लीचं टोक आहे, दोन भिंती आणि वर भरपूर आभाळ. नवं कापड परवडत नाही म्हणून बाईने कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचे जुने पडदे गठ्ठ्याने आणलेत. मला म्हणाली, 'यातला एक घे, पांढऱ्या रंगाचं अस्तर मार आणि काढ आभाळ. बारा दिवस आहेत. नाही जमलं तर मी छापील पडदा मागवते, आणि मग तुझी वाट तू बघ.' रागाने नाही म्हणाली. मिशा चिकटवायचा गोंद संपलाय हे जसं सांगते, तसं म्हणाली. पण त्या रात्री मला कळलं की इथून निघाले तर यानंतर मी ब्रश हातात धरणार नाही. बाण काढत म्हातारी होईन.

एक अडचण तुलाच कळेल. या तीन वर्षांत मी जे काही खरडलं ते जमिनीवर कापड पसरून, गुडघ्यांवर बसून. इथे तेवढी जागाच नाही. पडदा टांगूनच रंगवायचा, म्हणजे शिडी आली. दादा, मी ज्या गावात जाते तिथे शिड्या दिसतात. दिव्याच्या खांबाला, दुकानाच्या पाटीला, पेरूच्या झाडाला. लोक वर बघतात, शिडीवर कोण आहे म्हणून. मी शिडीच्या पायांकडे बघते. तिथे कुणी आहे का, आणि त्याचे हात कुठे आहेत.

मग मी लांब दांड्याला ब्रश बांधला आणि खालूनच निळा मारला. चार दिवसांत आभाळ भरलं. बरं नव्हतं, न्हाणीघराच्या भिंतीसारखं दिसत होतं, पण भरलं. पाचव्या दिवशी सकाळी येऊन बघते तर निळ्यात एक रेघ. उजवीकडे, वरच्या कडेपासून खाली, माझ्या कमरेपर्यंत. फिकट गुलाबी. मला वाटलं गळतीचा ओघळ असेल. पुसली, गेली नाही. परत अस्तर, परत निळा. दुसऱ्याच दिवशी ती आणखी लाल होऊन आली. वर बारीक, खाली येता येता जाड, थोडी उजवीकडे झुकलेली, आणि शेवटी एक फराटा. कुणीतरी घाईघाईने खाली उतरावं तशी. नट मंडळींना तेवढंच हवं होतं. कुणी म्हणालं, 'भिंगरे, तुझ्या आभाळाला खरचटलंय, हळद लाव.' विनोदी कामं करणारा बुटका रोज सकाळी पडद्यासमोर उभा राहून नमस्कार करायचा आणि विचारायचा, 'काय पाहुणे, आज कसं वाटतंय?' सगळे हसायचे. मीही हसायचे. आणि पाठ वळवली की मानेवर काहीतरी सरसरायचं. गोदाम रिकामं असलं की मला ब्रश पडल्याचा आवाज यायचा. आधी लाकडाचा टक् असा, मग डबा लोळत गेल्याचा. मी वळून बघायचे. सगळे ब्रश जिथल्या तिथे असायचे.

तिसऱ्यांदा ती वर आली तेव्हा तो लाल मी ओळखला. कपडे रंगवायच्या पुडीतला कच्चा लाल. तुझ्या पडद्यांवरच्या संध्याकाळींसाठी तू तोच वापरायचास, दिव्यांखाली तो पेटतो म्हणून, आणि वर बजावायचास, 'हा गप्प बसणारा रंग नाही. वर दहा हात मार, कुठूनही डोकं काढेल.' मी पडद्याच्या मागे गेले. डावा खालचा कोपरा उलटला. धूळ होती, उंदराने थोडं कुरतडलं होतं, आणि त्यात दोन निळे अंगठे. एक तुझा, एक माझा. तुझी ती रीत, काम संपल्यावर नाही तर सुरू करायच्या आधी सही करायची. 'आधी अंगठा, मग आभाळ. एकदा अंगठा दिला की पळता येत नाही.' तुझ्याशेजारी माझा अंगठा किती लहान दिसतो रे. आणि मीच पळाले.

तो पडदा होता, दादा. तोच. त्या दुपारी तू त्यावर संध्याकाळ काढायला नुकताच चढला होतास आणि त्या कंपनीने नंतर कुणाकडून तरी वर राखाडी भिंत फासून घेतली असणार. ती रेघ म्हणजे तू शिडीवरून पडताना तुझा ब्रश कापडाला टेकलेला होता, तो. मी त्या रेघेला हात लावला. वरून खालपर्यंत, जिथवर हात पोचला तिथवर. ती कुठे वळते तेही मला पाठ होतं असं वाटलं.

उपाय मला ठाऊक होता, तूच शिकवलेला. लाखेच्या रोगणाचा एक हात दिला की खालचा रंग कायमचा गप्प. मी रोगण आणलं, डबा उघडला, ढवळलं. दोन दिवस तो डबा तसाच उघडा, वर साय धरलेली. समोर मी, पलीकडे ती रेघ. बारापैकी तीनच दिवस उरलेले. बाई येऊन दारात उभी राहिली, बोटांवर दिवस मोजले आणि गेली. मला राहून राहून वाटत होतं, तीन वर्षं मी दुसरं काय केलं? रोगणच मारत फिरले की. एक गाव झालं की दुसरं, एक हात सुकला की वर दुसरा.

कपडेपटाची शिंपीणकाकू तिथेच मशीनवर बसते. सारखी बोलते. जावयाचा कुत्रा, स्वतःची कंबर, राणीच्या झग्याला यंदा किती कापड जास्त लागलं, सगळं. शेवटी तिलाच माझी दया आली की कंटाळा, कोण जाणे. उठली आणि म्हणाली, 'चढ गं बाई एकदाची. मी धरते.' मी म्हटलं, तुमचं लक्ष राहील ना? कसं विचारलं असेन बघ, ती माझ्याकडे बघतच राहिली. मग शिडी धरून म्हणाली, 'शिडी धरायला लक्ष कशाला लागतं? हात लागतात. चढ.' मी चढले. चौथ्या पायरीवर खाली पाहिलं तर काकू खिडकीबाहेर बघत होती, बाहेर दोन बायकांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं आणि काकू त्यातल्या एकीच्या बाजूने मान हलवत होती. एकदाही तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पण हात! दोन्ही बाजूंना घट्ट, नसा फुगलेल्या. मला तिथे वर रडू आलं. मला कायम वाटायचं की माझे डोळेच खोटे, भटके, ते काढून ठेवता आले तर मी बरी मुलगी होईन. डोळ्यांचं काही चुकलंच नव्हतं की काय?

रोगणाचं झाकण मी लावून टाकलं. रेघ ठेवली. तिच्या शेजारी तशीच झुकलेली दुसरी लाल रेघ ओढली, मध्ये पायऱ्या काढल्या. रेघेची शिडी झाली. मग अडीच दिवस मी थांबलेच नाही. खाली एक मुलगी काढली, शिडी धरलेली, पण मान वळवून गल्लीच्या टोकाकडे बघणारी. तिकडे भिंतीआडून जेमतेम अर्धी दिसणारी एक हातगाडी, आणि तिच्यावर उभा ठेवलेला मोठा आरसा. त्या आरशात मी जे आभाळ काढलंय ना दादा, ते वरच्या आभाळापेक्षा चांगलं झालंय. तुझ्याइतकं नाही. पण तुझ्यासारखंही नाही. ब्रश तुझे होते, तरी हात पहिल्यांदाच मला माझा वाटला. जरा पसरट आहे, घाई करतो, कोपरे सोडून देतो. असू दे.

बाईने लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. म्हणाली, 'मी आभाळ सांगितलं होतं. ही पोरगी कुठे बघतेय?' मी म्हटलं, आरशाकडे. 'आणि वर कोण आहे? शिडी धरलीय आणि शिडीवर कुणीच नाही?' मी म्हटलं, ते अजून विचारायचंय. तिने राणीसारखा उसासा टाकला आणि छापील पडद्याचा निरोप रद्द करायला सांगितला. बुटक्याने आज नमस्कार केला नाही. शिडीच्या पायऱ्या तेवढ्या मोजल्या.

आता हातगाडी. त्या दुपारी दार उघडं होतं. रस्त्यावरून एक माणूस हातगाडीवर आरसा घेऊन चालला होता, कपाटाएवढा, आणि त्यात अख्खं आभाळ, छपरं, तारांवरचे पक्षी, सगळं हलत हलत चाललं होतं. आभाळ गाडीवर घालून नेतात का कुठे? मला ते दारातून बघायचं होतं. एवढंच. सहा पावलं. मग मागे ब्रश पडल्याचा आवाज, मग डबा, मग तू, उजव्या हातावर. दवाखान्यात आईने विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघत म्हणालास, 'फरशी ओली होती, शिडी सरकली.' सगळ्यांनी मानलं. मीसुद्धा तीन वर्षं तेच सांगत आले, गावोगाव, विचारणाऱ्यांना, न विचारणाऱ्यांनाही. फरशी ओली नव्हती, दादा. मी हात सोडले होते. तुला ते तेव्हाच ठाऊक होतं का, हे विचारायला मी हे पत्र लिहिलंय. पडद्यावर शिडीची वरची जागा मी कोरी ठेवलीय आणि मागच्या कोपऱ्यात नवा अंगठा दिलाय, जुन्या दोघांच्या शेजारी. पुढचा महिनाभर आम्ही इथेच आहोत, पत्ता पाकिटावर आहे. ओरड माझ्यावर, लिहू नकोस, शिक्का मारून पत्र परत पाठव, काहीही कर. फक्त या वेळी फरशी ओली होती असं म्हणू नकोस.

तुझीच,
भिंगरी