आठ जणांची बेरीज

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून बसून कंबर धरलीय, तेव्हा सहा अंगांचा प्रत्यक्ष आणि उरलेल्या दोन अंगांचा मनातल्या मनात समजावा.) सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी सुटली का, आणि सुटल्यावर त्यांना तुझ्यातलं पहिलं काय खटकलं, ते कळव. खरं तर फोनच करणार होतो. पण त्यांना ऐकू यावं म्हणून तू फोन स्पीकरवर ठेवतेस, आणि पुढचा मजकूर त्यांच्या चिरंजीवांविषयी आहे.

भावोजी ऑफिसात आमचे साहेब आहेत हे तुला माहीत आहे. ऑफिस काय करतं हे त्यांनी तुला अनेकदा सांगितलं असेल आणि तू दरवेळी कपड्यांच्या घड्या करत असशील. आमचा धंदा म्हणजे माहिती न उघडता तिच्यावर हिशेब करणं. दागिने कपाटात असले की कुलूप असतं, रस्त्याने नेताना पिशवी पोटाशी धरलेली असते. पण मोजायला टेबलावर मांडले की येणारा-जाणारा बघतो. संगणकाची मेमरी म्हणजे ते टेबल. आम्ही टेबलावरसुद्धा माहिती कुलपातच ठेवतो, आणि वर तिचे तुकडे करून तीन मशीनना वाटतो. समजा तुझं उत्तर ‘हो’, म्हणजे एक. पहिल्या मशीनला सांगायचं सतरा, दुसऱ्याला उणे चाळीस, तिसऱ्याला चोवीस. एकट्याला काही बोध होत नाही. (लहानपणी आई, बाबा आणि तू मला एकाच गोष्टीबद्दल तीन गोष्टी सांगायचात, तसंच.) शेवटी सगळ्यांची मिळून फक्त बेरीज बाहेर येते.

तर गेल्या आठवड्यात तीन दवाखान्यांचे डॉक्टर हे बघायला आले. तिघांचं एकमेकांशी पटत नाही. एका औषधाने एकूण किती पेशंटांना चक्कर येते हे त्यांना हवं होतं, पण आपले पेशंट दुसऱ्याला दाखवायचे नव्हते. हे काम मिळालं नसतं तर आमच्या ऑफिसला टाळं लागलं असतं. आम्ही खोटे आकडे घालून प्रयोग दाखवला. त्यातल्या थोरल्या डॉक्टरीणबाई जांभई आवरत म्हणाल्या, “असं नको. माणसं ज्यावर खोटं बोलतात असं काहीतरी विचारा.”

भावोजींना चेव चढला. म्हणाले, “ठीक आहे. मी प्रमुख म्हणून राहावं का? ऑफिसातल्या आम्ही आठही जणांनी गुप्तपणे सांगायचं. हो असेल तर एक, नाही असेल तर शून्य. मीही मत देतो.”

ताई, माणूस म्हणून ते कसे आहेत हे तू जाणतेस, पण साहेब म्हणून ते कसे आहेत ते ऐक. गुप्तता त्यांच्या अंगात इतकी भिनलीय की फळ्यावर लिहिलेलं ते लगेच पुसतात, त्यामुळे आम्ही एकच चूक पुन्हा पुन्हा नव्याने शोधून काढतो. हिशेबनीस बाईंचा वाढदिवस इतका गुप्त ठेवला की त्यांनाही बोलावलं नाही. तर मी शून्य दाबलं. सख्खा मेहुणा असून दाबलं. आमच्याच कुलपावर आमचा भरवसा नसेल तर आम्ही ते विकायचं कोणत्या तोंडाने?

पडद्यावर बेरीज आली. शून्य.

आधी वाटलं, मशीन बिघडलं. भावोजी म्हणाले, पुन्हा चालवा. पुन्हा शून्य. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, “आठ जण, आणि शून्य. म्हणजे साहेब, तुम्हीसुद्धा?”

कुलूप शाबूत, तुकडे शाबूत, मेमरीत कुणी डोकावलं नव्हतं, आणि तरी आठही जणांच्या पोटातलं उघडं पडलं होतं. भावोजी हळूच म्हणाले, “मला वाटलं, एखादं तरी हो पडेल. निदान मेहुण्याचं.” मी म्हटलं, “मला वाटलं, तुमचं पडेल.” हिशेबनीस बाई म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं.

मग ते खाली बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की कितीतरी वर्षांत त्यांनी स्वतः प्रोग्रॅमची एक ओळही लिहिली नाही, नुसतं लोकांना गप्प केलं, आणि आता त्यांना स्वतःचाच कंटाळा आलाय. डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. (मत मात्र बदलावंसं वाटलं नाही.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुपित यंत्राने नाही, उत्तराने फोडलं, सगळे किंवा कुणीच नाही असं आलं तर आकडाच दाखवू नका, मग काम तुमचं. ती दुरुस्ती भावोजींनी स्वतः त्याच दुपारी केली, शीळ घालत.

आता हिशेबनीस बाई प्रमुख आहेत आणि भावोजी माझ्या शेजारी बसतात. छान चाललंय. सासूबाईंना नमस्कार सांग; कशाबद्दल ते विचारलं तर सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता.क. भावोजींनी हे तुला अजून सांगितलेलं नाही. ते मी सांगावं असं त्यांचं म्हणणं होतं. सांगितलं.

ता.क. २. नव्या कामात त्यांना रोज घरी बसून काम करायची मुभा आहे. ते दिवसभर घरात असलेले तुला चालतील का, हे तुम्ही दोघांनी आमच्या यंत्रावर गुप्तपणे ठरवावं अशी त्यांची कल्पना होती. मी समजावलं की दोघांच्याच बेरजेतून आपलं वजा केलं की दुसऱ्याचं उघडं पडतं. “मग लोक काय करतात?” “विचारतात.” “तोंडावर?” म्हणाले, आणि त्यांना घाम फुटला. तर ताई, चालतील का, ते कळव. त्यांचं उत्तर त्यांनी मला कुणालाही न सांगण्याच्या अटीवर सांगितलंय. ‘हो’ आहे.