पाणी न पिणारा पाहुणा

९ फेब्रुवारी २००४, सोमवार

त्यालाच काम द्यायचं म्हणतात हे! का — तर त्यानं प्लॉटवरल्या हातपंपाचं दोन गिलास पाणी घेतलं अन् म्हणाला, "अमृत आहे, काकासाहेब!" झालं. हे खूश.

सायकलच्या हँडलांना क्रोम चढवायचा आमचा कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली. प्लॉट विकत घेणाऱ्या बिल्डर साहेबरावांना तिथं घरं बांधायचीत. पण जमीन स्वच्छ असल्याचा कागद मागतात. म्हणून सल्लागार शोधून राह्यलोत. औरंगाबादचा हा गृहस्थ आठ दिवसांत कागद देतो. वरून मुरूम टाका, बस! खर्चा कमी. खरं सांगायचं तर मलाही पटला.

११ फेब्रुवारी

आज दुसरा आल्ता. मच्छिंद्र. तीर्थपुरीकडचा, पुण्याला शिकलेला. मीही गेल्ते प्लॉटवर. आमचा राखणदार मुबारक अन् त्याची बायको मैमूना तिथंच राहतात. मैमूनानं पाणी दिलं. ह्या पोरानं गिलास उजेडात धरला, अन् पिशवीतून बाटली काढून त्यात ओतला! वर चिठ्ठी चिकटवली. ह्यांचं तोंड पाहण्यासारखं!

मैमूना हसत सुटली. "पीने को दिई थी बेटा, शीशी में कायकू भर्रे?"

"मावशी, तुम्ही रोज हेच पिता?"

"बीस साल से. मीठा है."

तो हसला न्हाई. "तपासून होईस्तोवर नळाचं आणून प्या," एवढंच म्हणाला.

येताना स्कूटरवर हे धुमसत होते — "माझ्या दारात पाणी नाकारतो!"

मी मागून म्हणाले, "सोयरीक करायला थोडाच आल्ता? पाणी पाहायलाच बोलावलं ना आपण?"

मंग ह्यांनी स्कूटर अजूनच जोरात पळवली.

१२ फेब्रुवारी

रात्री जेवता जेवता म्हणाले, "तू कोणाला घेतलं असतं?" मला विचारलं! कारखान्याचं!

"जो पाणी प्यायला न्हाई, त्याला."

"खर्चा वाढंल. साहेबराव थांबायचा न्हाई."

"न थांबो."

बोलून मीच दचकले. वाणसामानाच्या पुड्यांचा दोरा गुंडाळून ठेवणारी बाई मी!

१३ फेब्रुवारी

मच्छिंद्रला फोन केला ह्यांनी. वर दम — "पण आमच्या घरी आला तर पाणी घ्यावंच लागंल!"

१८ फेब्रुवारी, महाशिवरात्र

तपासणीत पाणी चांगलं निघू दे, हे मागायला देवळात गेल्ते. पिंडीपुढं हात जोडले अन् वाटलं — जे आहे ते आहे. महादेवाला कशाला खोटं बोलायला लावू? नुसता बेल वाहून आले.

२६ फेब्रुवारी

अहवाल आला. पाण्यात क्रोम. आमचंच. प्यायला बिलकुल न्हाई. माती खोल खणून न्यावी लागंल, पाणी साफ व्हायला वर्षं जातील. साहेबरावांनी सौदा मोडला — एका वाक्यात.

ह्यांनी सौद्याचं नावही काढलं न्हाई. चष्मा हातात घेऊन बसले. "मीच म्हणायचो गं मुबारकला — नळाला कशाला जातो, आपलं पाणी गोड आहे."

मी पाठीवर हात ठेवला. मंग उठले अन् स्कूटर काढली. प्लॉटकडं गेले.

२७ फेब्रुवारी

मुबारक-मैमूना आमच्या पुढच्या खोलीत राहायला आले. हे स्वतः टेम्पो घेऊन गेल्ते. मैमूना स्टोव्ह छातीशी धरून माझ्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर थबकली. "भाभी, ये कहां रखूं?"

देवघरही तिथंच आहे माझं.

मी म्हणाले, "स्टोव्ह राहू दे. आत ये, पोळ्या लाटू लाग."