सूनबाईशी बोलण्यापुरतं इंग्रजी

२ जून
पूजा आटोपून देवापुढेच संकल्प सोडला. ऑगस्टअखेर सूनबाईचं बाळंतपण, तिकडे परदेशात. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी. मुलगा म्हणाला, मी दिवसभर ऑफिसात, तुम्ही दोघी घरात नुसत्या एकमेकींकडे बघत बसणार का? जुलैत तिच्याशी फोनवर बोलून दाखव, मग तिकीट काढतो. नाहीतर पगारी बाई ठेवू. सासू जिवंत असताना पगारी बाई. दहावीला मला इंग्रजीत अडतीस होते. पाया पक्का आहे.

४ जून
दोन्हीकडून शिकणार. सोमवार ते गुरुवार मोबाइलमधलं एआय, शुक्रवार-शनिवार कोपऱ्यावरच्या क्लासच्या बाई. यंत्र आणि माणूस, समतोल. बाईंची तीन महिन्यांची फी एकदम भरली. एकदम भरली की सूट मिळते.

७ जून
बाईंनी विचारलं, काल काय केलंत, इंग्रजीत सांगा. मी पर्समध्ये चष्मा शोधला. त्या थांबून राहिल्या, चांगली पाच मिनिटं. माणसानं माणसाची अशी वाट पाहणं बरं नाही.

११ जून
एआय फार मायाळू. प्रश्न विचारतं आणि खाली चार उत्तरंही देतं. एकावर बोट ठेवायचं, मोठ्यानं वाचायचं. उच्चाराला शंभरपैकी ब्याण्णव. 'हॉटेलात' हा धडा संपवला. जन्मात हॉटेलात उतरले नाही, पण विद्या वाया जात नाही.

२० जून
बाईंनी माझं एक वाक्य तीनदा सुधारलं. एआय एकदाही सुधारत नाही, म्हणजे तिथे माझं चुकत नाही. समतोल जरा हलवला: एआय सातही दिवस, बाई शून्य. भरलेली जागा रिकामी कशाला, म्हणून तिथे ह्यांना पाठवायचं ठरवलं. निवृत्तीपासून हे घरी खुर्चीत बसूनच असतात. म्हणाले, मला कुठे इंग्रजी येतं? म्हटलं, बोलायचं कुठे आहे, बसायचंय.

५ जुलै
हे क्लासहून आले आणि इंग्रजीत विचारलं, पाणी हवंय का. विचारलं चुकीचंच. मी उत्तर दिलं नाही, माझा धडा चालू होता. बाईंनी ह्यांच्याबरोबर निरोप धाडला: शब्द खुशाल यंत्रावर पाठ करा, पण अडखळायला इथे या. पैसे भरून अडखळायला कोण जातं?

२० जुलै, सकाळी १०
दिवा लावून सूनबाईला फोन केला. ती बरंच काही बोलली. मग थांबली. खाली उत्तरं येईनात. पडद्यावर नुसता तिचा चेहरा. मी शांतपणे हॉटेलातलं एक वाक्य शुद्ध म्हटलं, "आय वुड लाइक अ रूम विथ अ विंडो." ती म्हणाली, "ओके, आई." फोन संपला. अठ्ठ्याण्णव तरी पडले असते.

२१ जुलै
मुलाचा फोन. त्यांच्याकडे खिडकीची खोली एकच, बाळासाठी लावलेली. सूनबाईनं आठव्या महिन्यात एकटीनं पाळणा ओढत बाहेर नेला आणि ती माझ्यासाठी रिकामी केली. आता कंबर धरून पडली आहे. "आई, तुला खिडकी कशाला हवी होती?" मी म्हटलं, धड्यात होती.
ह्यांनी फोन मागून घेतला, सूनबाईला द्यायला सांगितला. "बॅक पेन? टुडे लेस? यू नो पुश. आय कम, आय पुश." व्याकरण नावालाही नाही. ती हसली, मग रडली, मग पंचवीस मिनिटं बोलली. हे मध्येमध्ये "स्लो, अगेन" म्हणत होते. मी भाजी निवडली.

२ ऑगस्ट
तिकीट आलं. एकच. ह्यांच्या नावाचं. मुलगा म्हणाला, तीच म्हणाली, बाबांना पाठव. बाळंतपणाला सासरा. शेजारी सांगितलं, मीच पाठवते आहे. क्लासला मीच पाठवलं होतं, तेव्हा खोटं नाही.

१४ ऑगस्ट
एआयचे सलग छप्पन्न दिवस झाले. एकही खाडा नाही.
ह्यांची बॅग भरली. दोन स्वेटर, गोळ्या, जादा चष्मा. हे म्हणाले, "सूनबाईला तुझा काय निरोप सांगू? मराठीत सांग, इंग्रजी मी करतो."
बॅगेची चेन लावली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. खाली चार उत्तरं असती, तर एकावर बोट ठेवलं असतं.