विहिरीवरची चाल

शनि., ६ फेब्रु. ९९, बर दुबई
डोकं फिरलंय. रियाच्या शाळेत लाकडी बुटांचा इंग्लिश नाच बसवतायत. हॉटेलच्या लाउंजमध्ये रोज रात्री व्हायोलिनवर तेच तेच घासतो, म्हटलं लेकीसाठी वाजवू. तालमीत डान्स टीचर मिसेस के.ची कॅसेट अडकली, म्हणून मी व्हायोलिनवर सहज पप्पांची चाल धरली. तर बाई टाळ्या पिटायला लागली. "ही तर आमच्या गावची! माझी आजी हिच्यावर नाचायची." इंग्लंडातलं लँकशायर की काय ते. आमच्या गावची म्हणे! अगं बाई, वसईत उंबराच्या पाण्याला वाजते ती. लग्नाआधी नवरीच्या न्हाणाचं पाणी आणायला सगळे विहिरीवर जातात तेव्हा. पप्पांनी केलीय. गावात कोणालाही विचार.

रवि., ७
आज परत जुंपली. चालीत मध्येच थांबायची जागा आहे. पप्पा तिथे व्हायोलिनवरचा बो उचलतात, घागर पाण्यात पडते, बायका ओरडतात, मग पुढे. हे तिला नीट समजावलं. तर हसून, "नो नो, तिथे फक्त बूट ऐकू यायला हवेत." आणि नाचून दाखवलं. खट् खट् खट्. बरोब्बर बसलं. बसलं म्हणूनच जास्त संताप आला.
लिंडा म्हणते, "एवढं काय त्यात? खलास कर ना विषय." माझ्या बायकोनेच असं म्हणायचं! हिच्या बापाची चाल असती म्हणजे?

मंगळ., ९
प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये. प्रोग्रॅमवर 'ट्रॅडिशनल इंग्लिश' छापणार होते. म्हटलं, पप्पांचं नाव घाला, नाहीतर दुसरा वाजवणारा बघा. "इन्शाल्ला, देखते हैं." इन्शाल्ला नको, आत्ता सांगा! शेवटी मिसेस के.च म्हणाली, घाला त्यांच्या वडिलांचं नाव, मला वाद नकोय. उपकारच करते जसे काही. पण नाव येणार. बास.

शुक्र., १२
चर्चमध्ये मिसा झाल्यावर वसईला फोन. वाटलं, म्हातारा खूश होईल. प्रोग्रॅमवर तुमचं नाव छापतायत म्हटलं. तर, "नाव काढून टाक."
"का?"
"काढ म्हटलं ना."
"पप्पा, चाल तुम्हीच केलीत ना?"
"तू मला विचारणार?" आणि फोन मम्मीकडे. ती हळू आवाजात, "लग्नाआधी बोटीवर बँडमध्ये होते बाबा ते. तिथे काय काय ऐकलं असेल, मला काय ठाऊक? तू त्यांना छळू नकोस."
अरे, मग इतकी वर्षं गावभर मिरवलंत कशाला? "माझी चाल, माझी चाल!" आणि मी इथे कोणाकोणाच्या अंगावर धावून...
नसेलही तसं. केलीही असेल. सरळ सांगायला काय जातं पण?

शनि., १३
प्रोग्रॅम छापून आले. पप्पांचं पूर्ण नाव, ठळक अक्षरात. मिसेस के.ने गठ्ठा स्वतः हातात दिला. "हॅपी?" आता नाव काढा कुठल्या तोंडाने म्हणणार, गठ्ठा काखेत मारून निघालो. कार्यक्रम परवा. राग अजून गेलेला नाही, पण तिच्यावरचा नाही आता.
घरी आल्याबरोबर रियाने गठ्ठ्यातला एक ओढला, नाव मोठ्याने वाचलं. दोनदा. "डॅडी, कॅन वी पोस्ट वन टु ग्रँडपा?"
पाकीट शोधतो म्हणालो आणि इथे येऊन बसलोय. ती बाहेर बसून त्या प्रोग्रॅमवर काहीतरी लिहितेय, रंगीत पेनांनी.