जिचं तिकीट तिच्या हातात

माय, जर्मनीतल्या रेल्वेला तिकिटांचे किती प्रकार असतात हे तुला सांगितलं असतं, तर तू आधी हसली असतीस आणि मग पदर खोचून एकेक प्रकार समजून घ्यायला बसली असतीस. मला मात्र पहिल्या दिवशी रडू यायचंच बाकी होतं. तुझी नात तिकडे न्युरेनबर्गला नोकरीला लागली आणि तिनं आम्हाला महिनाभरासाठी बोलावलं: मला, तुझ्या जावयांना आणि माझ्या थोरल्या नणंदेला, महागावच्या अक्कांना. विमानाचं तिनंच पाहिलं. तिथं गेल्यावर फिरायची तिकिटं मात्र "आई, तुले जमते असं, तूच पाह्य," म्हणून माझ्या गळ्यात टाकली. आपल्या पुसदला रेल्वे येणार, रेल्वे येणार, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकते आहे. ज्या गावात अजून इंजिनाची शिटी ऐकू आली नाही, त्या गावच्या बाईनं स्वयंपाकाच्या ओट्यावर फोन टेकवून बर्लिन आणि म्युनिकच्या गाड्या लावायच्या. तुझे जावई तर येता-जाता मला स्टेशन मास्तरीणबाई म्हणायला लागले.

प्रकार काय, विचारू नकोस. एक तिकीट खूप स्वस्त, पण आधीपासून काढून ठेवायचं आणि ज्या गाडीचं काढलं त्याच गाडीत बसायचं. चहा पिता पिता ती चुकली तर तिकिटाचा कागद झाला. एक तिकीट त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालतं, पण किंमत पाहून मी फोन उलटा ठेवला. परदेशी पाहुण्यांसाठी एक वेगळा पास असतो, तो सारखं पळणाऱ्यांच्या फायद्याचा. एक महिन्याचं तिकीट असतं, देशभरच्या साध्या गाड्या, शहरातल्या बस, ट्राम, सगळ्यांना चालणारं. जलद गाड्यांना तेवढं चालत नाही. ते प्रत्येकाच्या नावाचं वेगळं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि वेळेत बंद करायला सांगितलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे आपोआप कापून घेतात. आणि शेवटी ते तिकीट, जे पाहून तुझ्या जावयांचा चेहरा उजळला: दिवसभराचं, साध्या गाड्यांचं, पाच जणांपर्यंत मिळून एकच. "एकाच तिकिटावर सारे जाते म्हंते," ते म्हणाले, "मंग कायले डोकं पिकवून राह्यली? माह्या खिशात एक तिकीट, तुम्ही बसा खिडकीत."

हिशोब त्यांचा चुकीचा नव्हता. लांबचे प्रवास तीन-चारच केले असते तर ते सगळ्यांत स्वस्त पडलं असतं. मी बटण दाबणारच होते, पण तू मधे आलीस. दर वर्षी दसऱ्याला वस्तीतल्या बायकांना एसटीनं नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं काम तुझं. कुणी दिलेलं नव्हतं, तूच अंगावर घेतलेलं. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटायचीस, तिथंच हा सगळा बेत शिजायचा. अजून दिसतं मला ते: मोठ्या गंजात वरण उकळतं आहे, तुझे दोन्ही हात कणकेत आहेत, आणि दोघीतिघी दारात उभ्या राहून विचारताहेत, "बाई, जलद गाडीनं गेलो तं?" तू मान हलवतेस. "लौकर पोचून काय करता? जलद गाडी मंधात थांबत नाई. सादी पाहू. कोणाले आर्णीले उतरून बहिनीले भेटाचं असंन तं भेटन थे, मांगच्या गाडीनं येईन." त्या बायकांना वर्षातून एकदा घराबाहेर पडायला मिळायचं, आणि त्या एका दिवसात तू त्यांच्यासाठी नागपूरही बसवायचीस आणि माहेरही. अशी तिकिटं बसवणारी बाई मला नंतर कुठं भेटली नाही.

गाडीत बसल्यावर तुझा दुसरा कारभार सुरू व्हायचा. कंडक्टर सगळ्या तिकिटांचा गठ्ठा तुझ्या हातावर ठेवायला जायचा, कारण घोळक्याची तिकिटं घोळक्याच्या पुढाऱ्याकडे द्यायची ही त्याची सवय. तू हात मागे घ्यायचीस. "भाऊ, जिचं तिले द्या. थे पाह्य, खिडकीपाशी बसली, तिचं तिले." तो बिचारा भरलेल्या गाडीत घामाघूम होऊन, खांद्यांवरून हात लांब करून एकेकीला तिकीट द्यायचा आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. बायकाही पुटपुटायच्या, कारण तिकीट सांभाळायचं म्हणजे त्यांना कटकट वाटायची. एका वर्षी बाबाही बरोबर होते. तू मला विचारलंस, "तुह्यं तिकीट कुठी हाय?" मी म्हटलं, "बाबाजवळ." तू अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "बाबाजवळ? मंग तू कोन हायेस, बाबाचं बोचकं?" बाबांनी मुकाट्यानं खिशातून माझं अर्धं तिकीट काढून दिलं. मला इतकी लाज वाटली की यवतमाळ येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही, पण तिकीट मात्र घट्ट मुठीत धरून ठेवलं होतं.

या तुझ्या हट्टाची किंमत मला कळली ती गाडी बंद पडली त्या वर्षी. आर्णीच्या पुढे रस्त्यातच इंजिनानं मान टाकली. कंडक्टर म्हणाला, मागून येणाऱ्या गाड्यांत जागा मिळेल तसं बसा, तिकीट दाखवा, पुन्हा पैसे लागणार नाहीत. दसऱ्याचा दिवस, मागची प्रत्येक गाडी गच्च. एकीत दोघींना जागा, दुसरीत तिघींना. आपल्या बायका कशा चढल्या, माय! प्रत्येकीचं तिकीट प्रत्येकीकडे, त्यामुळे कुणी कुणाची वाट पाहत थांबलं नाही. जिला जागा मिळाली ती गेली आणि नागपूरच्या स्टँडवर पाण्याच्या टाकीपाशी भेटायचं हे तू सांगूनच ठेवलं होतंस. तिथंच दुसऱ्या गावचं एक कुटुंब होतं. त्यांचा कर्ता पुरुष पहिल्याच गाडीत रेटारेटी करून आत शिरला आणि गाडी निघाली. सगळ्यांची तिकिटं त्याच्या खिशात. मागे रस्त्यावर त्याची बायको, म्हातारी आई आणि एक सून, हातात डबे घेऊन उभ्या. पुढच्या गाडीचा कंडक्टर त्यांना चढू देईना. तू मला आपल्या शेवटच्या दोघींबरोबर बसवून दिलंस आणि स्वतः मागे राहिलीस. बंद पडलेल्या गाडीच्या कंडक्टरला हाताला धरून आणून, याच गाडीतल्या बाया आहेत हे त्याच्या तोंडून वदवून, त्या तिघींना बसवूनच तू निघालीस. टाकीपाशी आम्ही तुझी वाट पाहत होतो. तू आलीस, घटाघटा पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "चला, उशीर झाला." मला त्या दिवशी तू फार मोठी वाटलीस. आजही वाटतेस.

आणि मला अमरावतीला कॉलेजला पाठवलंस तो दिवस. मी धरून चालले होते की तू सोडायला येणार. तू स्टँडवर आलीस, माझी पेटी वर चढवलीस, तिकीट माझ्या हातात दिलंस आणि खालीच उभी राहिलीस. मी खिडकीतून ओरडले, "काहून वं, तू येत नाईस?" तू म्हणालीस, "मी येऊन काय करू? कॉलेज तुह्यं हाय." तेव्हा मला राग आला होता. पुढची सगळी वर्षं मी एकटी आले-गेले, सुट्टीत मधेच बडनेऱ्याला मैत्रिणीकडे उतरले, आणि कुणाला विचारलं नाही. त्यानंतर लग्न झालं आणि ते सगळं हळूहळू बंद झालं. जावई तुझे वाईट नाहीत, तुला ठाऊक आहे. त्यांचा खिसा तेवढा मोठा आहे.

तर मी एक तिकीट, एक खिसा हे नाकारलं. महिन्याचं तिकीट घेतलं, तिघांचं तीन नावांनी, आणि फक्त बर्लिनहून परत यायला त्या एकाच गाडीचं स्वस्त तिकीट आधीच काढून ठेवलं. रोजच्या ट्राम आणि बस धरल्या तर हेच परवडतं, हे मी तुझ्या जावयांना पटवून दिलं आणि त्यांना पटलंही. अडलं ते अक्कांपाशी. तिकीट फोनमध्ये येतं आणि अक्कांचा फोन बटणांचा. "माह्यं तुह्याच मोबाइलात राहू दे वं," त्या म्हणाल्या, "मी कुठी जातो एकटी?" जावई म्हणाले, "बरोबर बोलते अक्का." मी म्हटलं, नाही. शाळेत खिचडी शिजवून ज्या बाईनं पोरं शिकवली, तिला फोनवर बोट फिरवता येणार नाही होय? अक्कांच्या मुलानं त्यांना स्वतःचा जुना मोबाइल दिला. महिनाभर त्या आमच्याकडे पुसदला राहिल्या आणि रोज दुपारी मी तिकीट तपासनीस व्हायचे. "तिकीट दाखवा," म्हटलं की अक्का चष्मा शोधायच्या, मग फोन, मग तो उघडायच्या आणि दर वेळी आधी नातवाचा फोटो दाखवायच्या. हसून हसून पोट दुखायचं. पण जर्मनीत पहिल्यांदा खरा तपासनीस आला तेव्हा त्यांनी माझ्याआधी तिकीट काढून दाखवलं, आणि तो निघून गेल्यावर हळूच म्हणाल्या, "बाई, माह्यं नाव वाचलं त्यानं." महागावच्या त्या घरात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. मी त्यांचा हात दाबला.

मग तो शनिवार. आम्ही तिघं न्युरेनबर्गहून वुर्झबुर्गला निघालो होतो, साधी दोन मजली गाडी, सगळीकडे थांबत जाणारी, आणि सुट्टीमुळे भरलेली. अक्कांना खाली दाराजवळ जागा मिळाली, आम्हाला वरच्या मजल्यावर. वुर्झबुर्गला उतरलो तर अक्का नाहीत. डबा रिकामा झाला, साफसफाईवाला चढला, तरी नाहीत. तुझ्या जावयांचा चेहरा पांढरा पडला. "तुह्या त्या तिकिटापायी," ते एवढंच म्हणाले आणि खांबाला टेकून उभे राहिले. भाषा नाही, वय झालेलं, साखरेच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये. मी त्या तिकिटाच्या भरवशावर एका म्हाताऱ्या बाईला परक्या देशात हरवून बसले, असं मला वाटलं. फोन लावला. बराच वेळ वाजला आणि मग अक्कांचा आवाज आला, शांत, चिवडा खाताना येतो तसा.

"मी उतरली वं मांगच."

"काहून? कोणी उतरवलं तुमाले?"

"कोन उतरवते? नदी दिसली. पान्यापाशी झाडं होते, बाकडं होतं. मले वाटलं उतराव. दाराचं हिरवं बटन दाबलं, उतरली."

जावयांनी फोन हिसकावला. "अक्का, जाग्यावरून हालू नोको! मी येतो घ्याले!"

"तू कायले येतं?" अक्का म्हणाल्या. "मांगून गाडी हायेच. तिकीट हाय ना मायापाशी."

आम्ही तिथंच बसून राहिलो आणि मला रडू आवरेना. पुढची गाडी आली आणि अक्का उतरल्या. पायात मोजे, त्यावर चप्पल, अंगावर तुझ्या नातीनं घेऊन दिलेला जाड कोट, कोटाच्या खाली नऊवारीचा काठ. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी सासरी इतकी वर्षं सून म्हणून वावरूनही कधी पाहिलं नव्हतं. जावयांनी आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीला रागावून घेतलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, लगन झाल्यापासून मी गाडीतून नुसती पाह्यत आली. कोणी उतर म्हनलं का उतरली. आज कोणी म्हनलं नाई." मग जावयांनी अक्कांसाठी कॉफी आणली, जी त्यांना अजिबात आवडली नाही.

परत येऊन महिना झाला. परवा अक्का एकट्या महागावला गेल्या. बायकांना आता एसटीत अर्धं तिकीट आहे, तू असतीस तर सगळी वस्ती घेऊन महाराष्ट्र पालथा घातला असतास. त्या गेल्यापासून हे लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, घरात वाचायला कुणाला देणार नाही. सगळ्यांना मी सांगितलं की त्या दिवशी स्टेशनवर मला रडू आलं ते काळजीनं. काळजी होतीच, पण अक्का फोनवर बोलल्या तेव्हाच ती संपली होती. रडू आलं ते त्यानंतर. महिनाभर मी त्या देशात खिडकीपाशी बसले होते, माय; द्राक्षांचे उतार पाहिले, लाल कौलांची गावं पाहिली, दोनदा तर उठून दाराच्या बटणापर्यंत हातही नेला. आणि दर वेळी यांच्याकडे पाहून पुन्हा बसले.