धाकटी माणसाळली

प्रिय शहाणे,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून बाबांनी शिवणयंत्र थांबवलं आणि आत ओरडले, "अगं, पोराचा ताप उतरतोय बघ!" तेही गिऱ्हाइकादेखत. मी हसून पाकीट उचललं. हल्ली लगेच भडकत नाही, विश्वास ठेव.

धाकटीची चौकशी केलीस. नदीच्या गाळात सापडलेलं ते पाणमांजराचं पिल्लू तू स्वेटरात गुंडाळलंस आणि तुझ्या वसतिगृहात चालायचं नाही म्हणून मी घरी आणलं. आपले कॉलेजातले सर म्हणाले, वनखात्याकडे द्या. तूही तेच म्हणालीस. मी सरांशी भांडलो, वर्गाचं दार आपटलं आणि कॉलेजचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. बाबा म्हणाले, "अर्धवट शिकलेला एक होताच, आता ही अडाणी दुसरी." पण कापडं बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांचं अंथरूण त्यांनीच केलं. आई मासे चिरून भरवायची, 'माझी धाकटी' म्हणायची आणि शेजारणीला कौतुकानं सांगायची, "किती माणसाळलीय बघा!"

तू दारातूनच "आले गं!" म्हणायचीस. म्हणायचीस आईला, पण धाकटीला वाटायचं तिलाच. मग शिट्ट्या मारत, ओल्या पायांनी, बाबांच्या बेतलेल्या कापडावरून ती धावत सुटायची. तिच्यावरूनच भांडून तू गेलीस, त्यानंतर शेजारीण "आले गं" म्हणाली तरी ती दाराशी जायची आणि तोंड पाडून परतायची. माझंही तेच व्हायचं. फक्त मला आवाज ओळखू यायचा.

पुढे ती मोठी झाली, चावू लागली, दार ओरबाडू लागली. शेवटी मीच वनरक्षकाला बोलावलं. नदीवर सोडलं, तर पठ्ठी थेट एका कोळ्याच्या होडीकडे गेली, लाडात येऊन. त्यानं घाबरून वल्हं हाणलं. पुढचा पाय मोडला. आई रडत म्हणाली, "माणसाळलीय हो ती, काही करत नाही." वनरक्षक म्हणाला, "ताई, तेच तर तिचं दुखणं आहे." उपचारासाठी तोच तिला घेऊन गेला.

आता पाय जुळलाय, वनखात्यानं तिला पुन्हा नदीत सोडलंय. पलीकडच्या बेटाजवळ रानटी पाणमांजरांचा कळप आहे, त्यांच्यात असते. मी लांबून दुर्बिणीतून बघतो, तोंड मिटून. परवा होडी दिसताच तिनं बुडी मारली. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपल्यालाही विसरली," आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

आणि नेमकं आता तू लिहितेस, रविवारी येते, काठावरून तिला एकदाच हाक मारते. तू गेल्यापासून मी याच ओळीची वाट पाहत होतो गं. येऊ नकोस. तुझ्या आवाजाला ती येईल, कळप सोडून येईल, आणि पुन्हा माणसांची होईल. 'नदीवर नको, नुसती घरी ये,' असंही लिहिलं होतं, ते खोडलंय. तू समोर उभी राहिलीस की मी तुला नदीवर नेणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. कागदावर 'नको' म्हणायला जमतंय, तोवर हे पाकीट पेटीत टाकून येतो.

तुझाच (एवढं तरी राहू दे),
भडकू