हातमोजा बसलाच नाही

ता. ३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शनिवारच्या सिनेमातला खून सावत्र भावानेच केला, हे मी मध्यंतरापर्यंतच ओळखलं होतं. जो माणूस पहिल्या प्रसंगापासून सगळ्यांसाठी खुर्च्या ओढून देतो, त्याच्या पोटात काहीतरी असतंच. तू मात्र त्या बिचाऱ्या माळ्यावर डूख धरून बसलास. तुझ्या डोक्यात एकदा गुन्हेगार ठरला की ब्रह्मदेव आला तरी तो बदलत नाही.

दर शनिवारी चार वाजता टीव्हीवर जुना काळापांढरा सिनेमा लागतो, तो तू तिकडे बघायचा, मी इकडे, आणि मग पत्रातून भांडायचं. हे आपलं बरं चाललंय. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस.

आता खरी बातमी. जूनमध्ये आमची लिफ्ट बंद पडली होती. ती दुरुस्त करणारे गृहस्थ पाचव्या मजल्यावर, माझ्या दारासमोरच, पेटी उघडून बसले होते. आतून पिस्तुलाचा आवाज आला म्हणून त्यांनी घाबरून दार ठोठावलं. टीव्ही आहे म्हटल्यावर ओशाळले, पण पाय काही निघेना. शेवटी मीच त्यांना स्टूल दिलं. तेव्हापासून ते दर शनिवारी येतात. आता खुर्चीवर बसतात. तुला लिहिलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ आहे.

दादा, त्यांनी मला लग्नाचं विचारलंय. ते विधुर आहेत, मूलबाळ नाही. मी बावन्न वर्षांची, दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांची मापं घेणारी. हे सगळं मला आरशात दिसतं, तू सांगायची गरज नाही. मला हो म्हणायचंय. पण आईबाबांच्या मागे माझं माणूस म्हणजे तूच. नोंदणीच्या कागदावर माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून तुझी सही हवी, आणि ती मनापासून हवी. तू नाही म्हणालास तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, हे पत्र वाचून झाल्यावरही तो तेवढाच असू दे.

तुझी,
टिल्ली


ता. ९ नोव्हेंबर

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून.

तुझी वहिनी म्हणते की आधी अभिनंदन लिहा, मग प्रश्न विचारा. मी आधी प्रश्न विचारतो. हा माणूस हातमोजे घालून येतो का? पहिली बायको कशाने गेली? त्या पेटीत काय काय असतं? लोकांना उंचावरून खाली आणणं हा ज्याचा धंदा, तो पिस्तुलाचा आवाज ऐकून एकट्या बाईचं दार ठोठावतो आणि तू त्याला स्टूल देतेस? अशा सिनेमात तू पहिल्याच अर्ध्या तासात मेली असतीस.

हसू नकोस. मी तीस वर्षं परीक्षा मंडळात कॉपी पकडण्याचं काम केलं आहे. साळसूद चेहऱ्यांच्या बाह्यांतून काय काय निघतं ते मी पाहिलंय. आणि विश्वास ठेवण्याबाबत मी एकदा पोळलेला आहे, तेही आपल्याच घरात. बाबा सिनेमागृहात ऑपरेटर, आपण त्यांच्या केबिनमध्ये बसून फुकट सिनेमे बघायचो, पण शेवटचं रीळ लागायच्या आत आपली घरी पाठवणी व्हायची. आईचा हुकूम. मग शेवट काय झाला ते बाबा सकाळी खाताखाता सांगायचे. कॉलेजात गेल्यावर मी तेच सिनेमे पैसे देऊन पाहिले तेव्हा कळलं, बाबांनी एकही शेवट खरा सांगितला नव्हता. जे फासावर गेले त्यांना बाबांनी बेकरी काढून दिली होती! त्या दिवसापासून मी शेवट स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. तू मात्र अजून शेवटची दहा मिनिटं आली की उठून चहा टाकायला जातेस.

या शनिवारी हातमोजेवालीचा सिनेमा आहे. लहानपणी पाहिलेला, आठवतोय ना? तू नेहमीसारखी आत जा. बाहेर आलीस की त्याला शेवट विचार आणि तो काय सांगतो ते शब्द न् शब्द मला लिही. का, ते विचारू नकोस.

तुझ्यावर राग नाही. असता तर एवढं लिहिलं नसतं.

तुझा,
दादा


ता. १५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आरोपीचा जबाब पुढीलप्रमाणे. हातमोजे घालतात, कारण लिफ्टच्या दोरांना वंगण असतं. पेटीत पाने, पक्कड, टॉर्च आणि अर्धं संपलेलं बिस्किटांचं पाकीट. पहिली पत्नी हृदयविकाराने गेली, इस्पितळात, तिच्या सख्ख्या बहिणीच्या समोर. ही बहीण अजूनही यांना दर महिन्याला जेवायला बोलावते. एक गोष्ट मात्र तुला संशयास्पद वाटेल. शनिवारी ते लिफ्ट असूनही पाच मजले जिना चढून येतात. म्हणतात, सुट्टीच्या दिवशी कचेरीचं तोंड कशाला बघायचं.

काल सिनेमा पाहिला. त्या बाईचा नवरा जिन्यावरून पडतो तेव्हा मी पुन्हा तेवढीच दचकले. ती खिडकीशी उभी राहून पट्ट्यांच्या पडद्याची दोरी ओढते आणि चेहऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांची सावली येते, ते दृश्य बाबा आपल्याला केबिनच्या भोकातून मुद्दाम दाखवायचे, तुला आठवत असेल.

मग मी चहा टाकायला गेले. बाहेर आल्यावर विचारलं. ते म्हणाले की इन्स्पेक्टरने तिला रेल्वेच्या फलाटावर गाठलं, जिन्यावर सापडलेला हातमोजा खिशातून काढला आणि तिच्या हातात घालून पाहिला. हातमोजा बसलाच नाही. मग इन्स्पेक्टरने टोपी काढून माफी मागितली आणि ती गाडीत बसून गेली.

शब्द न् शब्द लिहिलं आहे. आता तू सांग.

वहिनींच्या गुडघ्यांना आराम पडो. निकाल काहीही लागो, पत्र पाठवायचं मात्र थांबवू नकोस.

तुझी,
टिल्ली


ता. १९ नोव्हेंबर

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

सापडला. माणूस खोटं बोलतो.

मी तोच सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. हातमोजा बसतो. एकेक बोट बसतं, इन्स्पेक्टर वरचं बटणसुद्धा लावतो, आणि मग बेड्या. तिची गाडी तिला न घेताच निघून जाते. ज्याला डोळे आहेत त्याचा यात घोटाळा होऊच शकत नाही.

आणि हे निम्मंच झालं. तो शेवट बाबांचा आहे! हातमोजा बसलाच नाही, टोपी काढून माफी, सगळं तेच. मी तुला माझ्या धंद्यातली एकच गोष्ट सांगतो. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं, त्यात नवल नाही. पण दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक निघाली, की एकाने दुसऱ्याचं पाहिलेलं असतं. तीस वर्षांत हा नियम एकदाही चुकलेला नाही. म्हणजे तू त्याला बाबांच्या गोष्टी सांगितल्यास, आणि त्याने त्याच वापरून तुला गुंडाळलं. तुझं मर्म कुठे आहे हे त्याला नेमकं कळलंय.

तू माझी एकुलती एक बहीण आहेस. तुला कुणी फसवलं तर मला ते सोसणार नाही. मी सही करणार नाही. तुझी वहिनी माझ्याशी कालपासून बोलत नाही, तरीही करणार नाही.

तुझ्या भल्यासाठी वाईट झालेला,
दादा


ता. २३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा ऑपरेटर होते एवढंच त्यांना माहीत आहे. सकाळच्या शेवटांबद्दल मी त्यांना काही सांगितलेलं नाही. त्यांनाच काय, आजवर कुणालाच नाही. ते आपल्या दोघांचं आहे. बाबांची शपथ घेऊन लिहिते.

हातमोजा बसतो हे मला ठाऊक आहे रे. तूच हॉस्टेलवरून कळवलं होतंस, रागारागाने चार पानं भरून. आणि हे शेवट बदलून सांगतात हेही मला जुलैपासून ठाऊक आहे. त्या दीपगृहाच्या सिनेमात कारकून बुडतो असं तू लिहिलंस. यांनी मला सांगितलं होतं की कोळ्यांनी त्याला वर काढलं. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं, आणि त्याच्या पुढच्याही. दर वेळी कुणी ना कुणी वाचलंच.

परवा मात्र मी सरळ विचारलं, की असं का करता. खूप ओशाळले. मग म्हणाले की तुम्ही ऐन वेळी उठून आत जाता, म्हणजे तुम्हाला ते सोसत नसणार. मग खरं सांगून मी काय मिळवायचं?

दादा, बाबांचं एक वेळ सोड. आपण लहान होतो, झोपेत घाबरू नये म्हणून बाप सांगणारच. पण बावन्न वर्षांच्या बाईसाठी कोण एवढं करतं? मी त्या दिवशी स्वयंपाकघरात परत जाऊन रडले आणि मग त्यांना हो म्हणाले.

महिन्याच्या नोटिशीनंतर नोंदणी २ जानेवारीला सकाळी आहे, शनिवारी. साक्षीदाराची जागा तुझ्यासाठी कोरी ठेवते. दुसऱ्या कुणाची सही मी तिथे घेणार नाही. तू आला नाहीस तर नोंदणी होणार नाही, म्हणजे आता सगळं तुझ्या हातात आहे.

माया असू दे.

तुझी,
टिल्ली


ता. ३० नोव्हेंबर

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. अर्ध्यावर कागद तिच्याकडे दिला, पुढचं तिने वाचलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली की तुमच्या बाबांचा पेपर न बघता ज्याला तेच उत्तर आलं, त्याची आणखी कसली परीक्षा घेताय. एवढं बोलून तिने सुटकेस काढली.

मी दोन दिवस विचार केला. दोन उत्तरपत्रिका, एकच चूक, आणि कॉपी नाही, असं मी तीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. आमच्या नियमात याला कलमच नाही. तेव्हा दोघांनाही पूर्ण गुण देतो. बाबांना द्यायला फार उशीर केला, ते मला आता कळतंय.

आम्ही एक जानेवारीला संध्याकाळी पोचतो. लिफ्ट चालू ठेवायला सांग, वहिनीचे गुडघे जिना चढणार नाहीत. पेन मी माझं आणीन, कुठल्याशा कचेरीतल्या दोरी बांधलेल्या पेनाने ही सही करायची नाही.

नोंदणी आटोपली की चार वाजता चौघं मिळून सिनेमा बघू. शेवटची दहा मिनिटं आली की तू चहा टाकायला ऊठ. या वेळी मीही तुझ्यामागून आत येईन. काय झालं ते आमच्या मेहुण्यांनाच आत येऊन सांगू दे.

त्यांना माझा नमस्कार. तुझ्यावर जीव आहे, तो तसाच राहील.

तुझा,
दादा